.३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून .३८ स्पेशल काडतुसे झाडल्यास अचूकता खरोखर घटते का?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे ओहायो राज्यातील कोलंबस शहराजवळ राहतो. मागील वर्षी येथील एका क्लबमध्ये पिस्तूल नेमबाजीला सुरुवात केली आणि सहा इंची नळीचे, सहा चेंबरचे (म्हणजे काडतुसे बसवायच्या सहा पोकळ्यांचे), मागील साईट खालीवर करता येणारे एक वापरलेले .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतले. मॅग्नम काडतुसे महाग पडतात आणि त्यांचा धक्काही नवशिक्याच्या मनगटाला जड जातो, त्यामुळे सराव बहुतेक .३८ स्पेशलवरच चालतो. हे काडतूस आखूड असले तरी त्याच चेंबरमध्ये बिनधोक बसते, आणि उत्पादकानेही तशी स्पष्ट परवानगी दिलेली आहे.

अडचण अशी की, गेले तीन रविवार मी वाळूच्या पिशवीवर हात टेकवून २५ यार्डांवरून दोन्ही प्रकार झाडून पाहिले, तेव्हा मॅग्नमच्या सहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरील भोकांचा पसारा, साधारण साडेसहा सेंटिमीटरमध्ये बसला, तर .३८ चा ग्रुप नऊ सेंटिमीटरपर्यंत पसरला. क्लबमधील एका अनुभवी सदस्याचे म्हणणे असे की, आखूड पुंगळीतून (काडतुसाच्या पितळी कवचातून) सुटलेली गोळी चेंबरमधील मोकळ्या जागेत झेप घेते, तेथेच किंचित तिरकी होते आणि तो तिरकेपणा लक्ष्यापर्यंत तसाच जातो. त्यांनी मला केवळ .३८ साठी घडवलेले दुसरे रिव्हॉल्व्हर घेण्याचा सल्ला दिला आहे. खर्च बराच आहे, म्हणून आधी कारण समजून घ्यावे असे वाटते. ही झेप खरोखर एवढा फरक पाडते का? आणि पाडत असल्यास तो मोजायचा कसा?

टूलरूम

माझे सारे आयुष्य टूलरूममध्ये मिलिमीटरचे शतांश मोजण्यात गेले. त्यामुळे कोणी "मोकळ्या जागेत झेप घेते" असे म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, ही मोकळी जागा किती, आणि ती ओलांडणारी वस्तू किती लांब? आपण मापे मांडू, म्हणजे निम्मे उत्तर त्यातच मिळेल.

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधील चेंबर ही सरळसोट नळी नसते. मागचा भाग पुंगळीसाठी कोरलेला असतो आणि त्याचा व्यास साधारण ९.६५ मिमी असतो. जेथे .३५७ च्या पुंगळीचे तोंड संपते तेथे एक बारीकशी पायरी असते, आणि तिच्यापुढचा भाग अरुंद होऊन जेमतेम गोळीच्या व्यासाएवढा, म्हणजे ९.१ मिमीच्या आसपास राहतो. या पुढच्या भागाला थ्रोट म्हणतात. मी त्याला घसा म्हणेन, कारण तो खरोखर तसाच आहे. घशाच्या पुढे सिलिंडर आणि नळी यांच्यातील केसभर फट, मग नळीच्या तोंडाचे नरसाळे आणि त्यानंतर आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतील वळणदार खाचा.

आता .३८ स्पेशलच्या पुंगळीची लांबी १.१५५ इंच, म्हणजे २९.३ मिमी, आणि .३५७ मॅग्नमची १.२९ इंच, म्हणजे ३२.८ मिमी. फरक साडेतीन मिलिमीटरहूनही किंचित कमी. आखूड काडतुसाच्या गोळीला घशापर्यंत जाताना जे रुंद अंतर ओलांडावे लागते ते एवढेच, आणि त्या अंतरात तिच्या प्रत्येक बाजूला साधारण ०.३ मिमी जागा मोकळी असते.

खरा मुद्दा पुढे आहे. गोळी म्हणजे बिंदू नव्हे, तिला लांबी आहे. १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोल नाकाची शिशाची गोळी साधारण १८ मिमी लांब असते. .३८ च्या पूर्ण काडतुसाची कमाल लांबी ३९.४ मिमी आणि मॅग्नमची ४०.४ मिमी, म्हणजे पुंगळ्यांमध्ये साडेतीन मिलिमीटरचा फरक असला तरी पूर्ण काडतुसांत तो जेमतेम एक मिलिमीटरच उरतो, कारण .३८ मध्ये गोळी बाहेर जास्त डोकावते. याचा अर्थ चाप ओढण्यापूर्वीच तिचे नाक पायरीपलीकडे सहा-साडेसहा मिलिमीटर जाऊन बसलेले असते. ती साडेतीन मिलिमीटर सरकली की तिचा पूर्ण जाडीचा भाग घशात शिरू लागतो, आणि त्या क्षणी तिचे चार मिलिमीटर बूड अजून पुंगळीच्या तोंडात असते. गोळीने मागचा आधार सोडण्यापूर्वीच तिला पुढचा आधार मिळालेला असतो. मोकळ्या जागेत अधांतरी असा क्षण येतच नाही.

नाक सपाट असलेली, पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवलेली वॅडकटर गोळी घेतली तर तिचे नाक आधीपासून घशात नसते हे खरे. पण १४८ ग्रेनच्या पोकळ बुडाच्या वॅडकटरची लांबी सुमारे १५ मिमी असते आणि तिचे सगळे अंग पुंगळीत असते. साडेतीन मिलिमीटर पुढे जाऊन तिने घसा गाठला तेव्हा तिचे अकरा मिलिमीटरहून अधिक अंग पुंगळीतच घट्ट धरलेले असते. आपल्या अनुभवी मित्रांनी सांगितलेला तिरकेपणा घडायला या मापांत वावच फार थोडा आहे.

शिवाय प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये, काडतूस कोणतेही असो, गोळीला घशातून निघून फट ओलांडून नळीत शिरावेच लागते. ती झेप मॅग्नमलाही चुकत नाही. माझ्या मते तुमचे नऊ सेंटिमीटर तेथे शोधावेत. सहाही चेंबर नळीशी नीट एका रेषेत येतात का, आणि सहाही घशांचा व्यास सारखा आहे का, हे आधी पाहा.

पन्नास यार्ड

टूलरूम यांनी मापांनी जे दाखवले त्याला मैदानावरचा पुरावाही भरपूर आहे. मी न्यू जर्सीत पंचवीसहून अधिक वर्षे एका हाताने झाडण्याच्या पारंपरिक अमेरिकी पिस्तूल स्पर्धांत भाग घेतो आहे. त्यांत सावकाश फेरी ५० यार्डांवर असते आणि वेळेच्या बंधनातील फेऱ्या २५ यार्डांवर असतात. सेंटर फायर गटात (ज्याच्या काडतुसांत ठिणगीची टोपी बुडाच्या मध्यभागी असते) एके काळी .३८ स्पेशल वॅडकटरचेच राज्य होते. ती गोळी कागदात कातरल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुणांचा वाद राहत नाही, आणि तिचा वेग सेकंदाला जेमतेम २१० ते २१५ मीटर असल्याने धक्काही सौम्य असतो.

हे सगळे नेमबाज .३८ चेच रिव्हॉल्व्हर वापरत होते का? बरेच जण वापरत होते. स्मिथ अँड वेसनचे १९४७ मध्ये बाजारात आलेले के-३८ मास्टरपीस हे त्यासाठीच घडवलेले होते. परंतु कोल्टचे १९५५ मधील पायथन पाहा. मुळात .३८ चे लक्ष्यवेधी रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची आखणी सुरू झाली, पुढे ते .३५७ मॅग्नममध्ये आणले गेले, आणि त्यानंतरही असंख्य स्पर्धकांनी त्यातून .३८ वॅडकटरच झाडली आणि उत्तम गुण मिळवले. लांब चेंबर हा जर मोठा दोष असता तर नेमकी ही माणसे, जी पन्नास यार्डांवर अर्ध्या इंचासाठी झोप गमावतात, ती सर्वांत आधी त्यापासून दूर गेली असती.

मग तुमच्या ग्रुपमध्ये फरक कशाने पडला? मला तीन कारणे संभवनीय वाटतात आणि त्यांतले पहिले सर्वांत मोठे आहे. तुम्ही बहुधा बाजारातील सर्वांत स्वस्त सरावाची .३८ काडतुसे एका पारड्यात आणि त्याहून बऱ्याच काळजीने तयार केलेली मॅग्नम काडतुसे दुसऱ्या पारड्यात घातली आहेत. ही तुलना दोन चेंबर-लांबींची नव्हे, दोन कारखान्यांच्या दोन प्रतींची आहे.

दुसरे कारण दारूचे. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे, म्हणजे काळ्या दारूच्या काळातील आहे, त्यामुळे त्याची पुंगळी ऐसपैस आहे. आजची धूरविरहित दारू त्या मानाने चिमूटभर लागते आणि पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते. नळी खाली झुकवून मग वर आणली तर दारू पुढे, गोळीच्या बुडाशी जाते. नळी वर करून मग खाली आणली तर ती मागे, टोपीच्या ठिणगीजवळ राहते. दोन्ही वेळचा वेग सारखा येत नाही. वॅडकटर गोळी पुंगळीत खोलवर बसते आणि रिकामी जागा कमी करते, तिच्या सातत्याचे एक गुपित हेच आहे. तुमच्या १५८ ग्रेनच्या गोल नाकाच्या काडतुसात ही सोय नाही.

तिसरे कारण संख्येचे. सहा गोळ्यांच्या एका ग्रुपवरून काहीही ठरवता येत नाही. त्याच काडतुसांचे, त्याच हातांनी झाडलेले दोन लागोपाठचे ग्रुप सहा आणि नऊ सेंटिमीटरचे निघणे अगदी सामान्य आहे. प्रत्येक प्रकाराचे निदान पाच ग्रुप करा आणि त्यांची सरासरी घ्या. सिलिंडरवर शाईने एक ते सहा आकडे घाला आणि कागदावरच्या प्रत्येक भोकाशेजारी चेंबरचा आकडा लिहा. पाच फेऱ्यांनंतर एखादा चेंबर सातत्याने गोळी एकाच दिशेला फेकतो आहे असे दिसले, तर दोष काडतुसाच्या लांबीत नाही हे आपोआप कळेल. आणि जमल्यास आणखी एक करा, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर त्याच चाचणीत आहे. क्लबमध्ये स्वतः काडतुसे भरणारा कोणी जाणकार असेल तर त्याच्याकडून तीच वॅडकटर गोळी .३५७ च्या पुंगळीत, तेवढ्याच वेगाला बसवून घ्या. मग गोळी तीच, वेग तोच, आणि फरक फक्त झेपेचा राहील.

एक गोष्ट वेगळी ठेवा. दोन्ही काडतुसांचे ग्रुप वेगवेगळ्या उंचीवर लागतील. मंद गोळी नळीत जास्त वेळ असते, तेवढ्या वेळात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते, म्हणून रिव्हॉल्व्हरमध्ये मंद आणि जड गोळी बहुधा वर लागते. हा अचूकतेचा दोष नाही, मागील साईट दोन-चार क्लिक फिरवली की प्रश्न मिटतो. परंतु तुम्ही एकाच कागदावर दोन्ही मिसळून झाडले असेल तर सगळा ग्रुप उगाच मोठा दिसेल.

बालेवाडी

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, तरीही त्यांतून "झेपेने काहीच होत नाही" असा सरसकट निष्कर्ष निघू नये, म्हणून लिहितो. मी पुण्यात २५ मीटर प्रकारात सराव करतो. आमच्या सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी एवढा बोअर चालतो, म्हणजे .३८ ही त्यात बसते, पण बहुतेक जण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॅडकटर वापरतात. (२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती याच सेंटर फायर प्रकारात.) या .३२ च्या घराण्यात लांबीचा प्रश्न .३८ पेक्षा बराच तीव्र आहे.

१८७८ चे जुने .३२ एस अँड डब्ल्यू काडतूस घ्या. त्याची पुंगळी १५.५ मिमी. पुढे १८९६ मध्ये आलेल्या .३२ लाँगची २३.४ मिमी. आपल्या कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर याच लाँग काडतुसासाठी आहे, आणि त्यात जुने आखूड काडतूसही शिरते. येथे फरक जवळजवळ आठ मिलिमीटरचा आहे. आखूड काडतुसाची पूर्ण लांबी साधारण २३.६ मिमी असल्याने चाप ओढण्यापूर्वी गोळीच्या नाकाचे टोक कसेबसे घशाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. गोळी स्वतः साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, आणि तिचे तीन-साडेतीन मिलिमीटर एवढेच अंग पुंगळीत धरलेले. टूलरूम यांचाच हिशेब येथे लावला तर गोळीचा मागचा आधार सुटतो तेव्हा घशात केवळ तिचे निमुळते नाक असते, जाड अंग रुंद चेंबरमध्येच असते. .३८ मध्ये जो अधांतरी क्षण येत नाही, तो येथे येतो. त्यामुळे लांबीचा फरक नव्हे, तर त्या फरकाचे गोळीच्या लांबीशी असलेले प्रमाण पाहावे, असे मला वाटते.

.२२ चे उदाहरण आणखी निराळे आहे. .२२ शॉर्ट १८५७ चे आणि .२२ लाँग रायफल १८८७ चे, दोघांच्या पुंगळ्यांत सुमारे पाच मिलिमीटरचा फरक. पण .२२ ची गोळी आणि पुंगळी बाहेरून एकाच जाडीची असते, त्यामुळे चेंबरमध्ये रुंद जागा अशी उरत नाही. तेथे अडचण आट्यांची येते. लाँग रायफलच्या नळीत गोळी १६ इंचांत एक फेरा घेते, आणि शॉर्टसाठी घडवलेल्या नळ्यांमध्ये हा फेरा त्याहून सावकाश असतो. ऑलिम्पिकमधील रॅपिड फायर प्रकारात २००४ च्या अथेन्सपर्यंत .२२ शॉर्ट चालत असे, पण त्यासाठी शॉर्टच्याच चेंबरची स्वतंत्र पिस्तुले होती. लांब चेंबरमध्ये आखूड काडतूस घालून कोणी पदकासाठी उतरत नव्हते.

.३८ कडे परत येऊन एक शंका मांडतो. पोकळ बुडाच्या वॅडकटरचे बूड म्हणजे मऊ शिशाचा पातळ घेर. गोळीचे पुढचे अंग घशात नीट धरलेले असले, तरी हा घेर पुंगळीतून सुटल्यापासून घशात शिरेपर्यंत ते साडेतीन मिलिमीटर रुंद जागेतून जातो, आणि त्या वेळी आत वायूचा दाब असतो. घेर फुगून पुन्हा घशात चेपला जात असेल तर तो प्रत्येक वेळी समान चेपला जाईलच असे नाही. माझ्या मते झेपेचा काही परिणाम असेलच, तर तो गोळी तिरकी होण्यातून नव्हे, या बुडाच्या चेपण्यातून होत असावा.

टूलरूम

बालेवाडी यांची शंका रास्त आहे, आणि .३२ चा हिशेब मी स्वतः पुन्हा मांडून पाहिला, तो बरोबर आहे. बुडाचा घेर किती फुगतो हे दाब आणि शिशाची मऊ-कठीण जात यांवर ठरेल. वॅडकटरचा दाब सौम्य असतो. .३८ स्पेशलची मान्य कमाल मर्यादाच १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे आणि मॅग्नमची ३५,०००. त्यामुळे परिणाम असला तरी लहान राहावा, परंतु तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही.

ओहायोकर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दोन शनिवार पूर्ण या कामाला दिले. क्लबमधील एका जाणकार गृहस्थांनी .३५७ च्या पुंगळ्यांत त्याच गोळीची सौम्य काडतुसे भरून दिली आणि त्यांच्या वेगमापकावर दोन्हींचा वेग जुळवूनही घेतला. प्रत्येक प्रकाराचे पाच ग्रुप, प्रत्येकी सहा गोळ्या, २५ यार्ड, तीच पिशवी.

पूर्वीच्या स्वस्त .३८ ची सरासरी ८.४ सेंटिमीटर आली, म्हणजे ती काडतुसे खरोखरच सामान्य आहेत. मॅग्नम ६.७. स्पर्धेच्या प्रतीची .३८ वॅडकटर ४.६. आणि तीच गोळी .३५७ च्या पुंगळीतून, म्हणजे झेप काढून टाकल्यावर, ४.९. शेवटच्या दोन आकड्यांतील फरक इतका कमी आहे की त्यावरून एकाला श्रेष्ठ म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र झेप काढल्याने ग्रुप लहान झाला नाही, एवढे माझ्या रिव्हॉल्व्हरपुरते नक्की झाले.

चेंबरचे आकडे लिहिण्याचा सल्ला सर्वांत मोलाचा ठरला. चौथा चेंबर चारही प्रकारांत गोळी डावीकडे खाली टाकतो. जॅकेटची ०.३५७ इंची गोळी बाकी पाच घशांतून बोटाच्या हलक्या दाबाने निघते, चौथ्यातून निघत नाही. तो घसा अरुंद आहे. गनस्मिथकडे दाखवले, त्यांनी तो बाकीच्यांच्या मापाला आणून देण्याचे मान्य केले आहे. नवीन रिव्हॉल्व्हर घेण्याचा विचार सोडला.

एक शंका मात्र उरली. चाचणीच्या शेवटी मॅग्नम काडतुसे चेंबरमध्ये पूर्ण बसेनात, शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अंगठ्याने दाबावे लागत होते. हे कशामुळे?

पन्नास यार्ड

दाबून बसवू नका. आखूड काडतुसाची खरी किंमत तुम्ही आता अनुभवलीत, आणि ती अचूकतेत नव्हे, येथे मोजावी लागते. .३८ च्या पुंगळीचे तोंड जेथे संपते त्यापुढच्या त्याच साडेतीन मिलिमीटरच्या पट्ट्यात प्रत्येक वेळी काजळी, शिसे आणि गोळीवरचे मेण साचते आणि त्याचे कडक कडे तयार होते. मॅग्नमची लांब पुंगळी त्या कड्यात जाऊन अडते. ती जोराने आत ढकलली तर तिचे तोंड कड्यात आवळले जाते, गोळी सुटायला हवी तितकी सहज सुटत नाही आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. मॅग्नमच्या मुळात उच्च दाबात ही भर धोक्याची आहे.

उपाय साधा आहे. .३८ झाडल्यानंतर, मॅग्नम घालण्यापूर्वी, प्रत्येक चेंबर ब्राँझच्या ब्रशने सॉल्व्हंट लावून घासावा. दुर्लक्ष होऊन कडे घट्ट झाले असेल तर .३५७ ची रिकामी, टोपी काढलेली पुंगळी घेऊन तिचे तोंड थोडेसे फाकवावे आणि ती चेंबरमध्ये हाताने फिरवून खरवडणीसारखी वापरावी. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने चेंबरला इजा होत नाही. एका दिवसात दोन्ही प्रकार झाडायचे असतील तर मॅग्नम आधी आणि .३८ नंतर, हा क्रम ठेवा.

टूलरूम

याला एक पुरवणी, कारण हा धागा वाचून कोणी उलटा प्रयोग करू नये. .३५७ ची पुंगळी १९३० च्या दशकात मुद्दाम लांब केली गेली, ती एवढ्यासाठीच की ते जोरकस काडतूस .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये. परंतु .३८ लाँग कोल्टच्या काळातील काही जुन्या रिव्हॉल्व्हरांचे चेंबर पायरीशिवाय सरळ कोरलेले असतात, आणि त्यांत मॅग्नम काडतूस आरामात शिरते. आजोबांच्या काळातील वस्तू हाती आली तर काडतूस "बसते" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चेंबरमध्ये पायरी आहे की नाही ते उजेडात पाहावे, आणि नसेल तर ती गनस्मिथच्या हाती द्यावी.

ओहायोकर

आज ब्रशने घासून पाहिले. सहाही चेंबरमधून काळा, शिशाची चमक असलेला चुरा निघाला आणि मॅग्नम काडतुसे आता स्वतःच्या वजनाने खाली जाऊन बसतात. चौथ्या चेंबरचे काम होऊन रिव्हॉल्व्हर परत आले की त्याच चार प्रकारांचे पाच-पाच ग्रुप पुन्हा करून आकडे येथे देतो.